सोळा पोलकी

रायबंदरच्या धक्क्याला फेरीबोट अजून लागलेली नाही.
तोवर क्लेमेंतीना विचारते, "कसा वाटला गे?"
म्हणजे सिनेमा.
मी म्हणते, थांब, आधी पलीकडे पाय टेकू दे.
पण मला कुठे धीर.

ती चोडणच्या इगर्जीत व्हायोलिन वाजवते,
तिला सूर लगेच कळतो.
मी शिलाईवाली. मला कापड हातात घ्यावं लागतं,
उलटं करून बघावं लागतं
आतली शिवण काय म्हणते.

तर आतली शिवण.
हिरो दाढी कुरवाळत चालतो, हळू, आणखी हळू,
तेवढ्यात माझा एका साडीला फॉल लावून झाला असता.
रक्त इतकं, की डाग निघायचे नाहीत म्हणून
जीव माझा खालीवर.
आणि गोवा दाखवलाय म्हणे:
समुद्र, पिस्तूल, समुद्र.
कुणाचा विहिरीवरचा पंप बिघडत नाही,
पहाटे भोंगा दाबत पोदेर येत नाही.
एक मिंगेल आहे तेवढा, तो दारू ओततो
आणि मध्यंतराआधी मरतो.
"आमचा माणूस नेहमी मध्यंतराआधीच का मरतो?"
क्लेमेंतीनाचा भाऊ मिंगेल.
जिवंत आहे. थेंब घेत नाही.

गाण्यांचं विचारशील तर,
अंतरा कुठे गेला?
धृपदात जरा पदर सावरून बसावं
तर उठा म्हणतात.
अर्ध्या मिनिटाची चिंधी.
चिंध्यांची गोधडी होते हे मला शिकवू नका,
पण गोधडीलाही अस्तर लागतं.
गाणारणीचा श्वास तर कापूनच टाकलाय.
क्लेमेंतीना म्हणते, गज उलटा फिरतो तिथे
जे जरासं खरखरतं,
त्याच्यासाठी तर मी वाजवते.
म्हणते खरी, पण फोनची रिंग तिने
त्याच गाण्याची लावलीय.
नातवाने लावली म्हणे.
नातू दोन वर्षं दुबईत आहे.

सगळंच वाईट नाही.
नोव्हेंबरात पणजीत एक पाहिला,
कुणाच्या तरी कार्डावर शिरून. देश आठवत नाही.
एक म्हातारी सुईत दोरा ओवते. चार मिनिटं.
कॅमेरा हलत नाही, मागचा पोरगा जांभया देतो,
आणि मी अंधारात
नसलेला दोरा जिभेवर ओला करतेय.

फेरी लागते. साखळ्या, फळी, मोटरसायकली.
आता इंजिनाच्या आवाजात खरं सांगते.

गेल्या मे महिन्यात दुकानात एक पोरगा आला,
कानात बाळी, हातात फोटो.
सिनेमात हिरोचा मागचा जन्म आहे ना, पोर्तुगीज काळातला,
त्यातल्या बायांसाठी पोलकी. सोळा नग. आठवड्यात.
म्हटलं, तुझ्या फोटोतलं बटण त्या काळचं नव्हे.
आन्टी, एवढं कोण बघतं?
मी बघते.
सासूच्या लग्नाच्या फोटोवरून बाह्या बेतल्या,
हूक हाताने लावले, रात्री, डोळ्यांची वाट लावून.

तू पाहिलंस? जत्रेत घोडा उधळतो,
त्याच्या मागे, धूसर,
माझी सोळा.
सोळा नाही, अकरा. पाच चौकटीबाहेर राहिली.
दोन सेकंद.
डावीकडून तिसरीचा वरचा हूक सुटलेला होता.
मी पक्का केला होता, दोनदा.
तिनेच नीट अडकवला नाही.

तेव्हा माझं मत मोजू नकोस.
सिनेमा रद्दी आहे.
आज मी तो तिसऱ्यांदा पाहिला.

ती काही बोलत नाही.
काळ्या पाण्यात कॅसिनोचे दिवे लांबतात, तुटतात.
मग तिच्या पिशवीत फोन वाजतो, तेच गाणं.
ती हात आत घालते,
उचलत नाही.
धृपद पुन्हा येतं, पुन्हा,
पलीकडचा माणूस कंटाळून ठेवतो.
फळी आपटते चोडणला,
आम्ही चपला हातात घेऊन उतरतो,
भरती आहे.